उशाशी रॉकेट

मामानं हैदराबादहून आणलेलं, शाळकरी वैजनाथनं अर्धवट जोडलेलं खेळण्याच्या संचातलं रॉकेट किल्लारीच्या भूकंपात घरासकट गाडलं गेलं. तोच जुना संच कंपनीनं पुन्हा काढला, तेव्हा लातुरात डॉक्टरकीच्या क्लासला जाणाऱ्या पुनमनं बापासाठी मागवला. दुकानातून थकून आल्यावर वैजनाथ रोज एखादा तुकडा चिकटवायचा. आज रॉकेट पुरं झालं, अन् पडू नये म्हणून त्यानं ते खाटेखाली आडवं ठेवलं. मग नेहमीसारखी उशाशी परात ठेवून पेल्यावर पेला रचू लागला. जमीन हलली की पेले पडावेत, जाग यावी; भूकंपापासूनची सवय. पुनमनं पेले उचलले अन् परातीत रॉकेट उभं केलं. "पोरी, पुठ्ठ्याचं हाय ते. पडलं तर आवाज न्हाई व्हायचा." "राहू दे, आप्पा. मला अभ्यासाला जागायचंच हाय. मी ध्यान ठेवते." कित्येक वर्षांनी वैजनाथ दाराकडं पाठ करून झोपला.