रोटाचं दळण

२०२४ सालच्या श्रावणात, खानदेशातल्या कानबाईच्या सणाला चार दिवस उरले असताना, पुनमच्या संगणकाने शिंदखेड्यातली दोन घरं बाकी गावापासून वेगळी काढून एका कोपऱ्यात ठेवली. एक घर तिच्या वडिलांचं, चुडामण नानांचं. दुसरं समोरच राहणाऱ्या हिलालकाकांचं. दोघे सख्खे भाऊ. नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

दोघांची आई गेल्यावर, ती कानबाई म्हणून पुजायची तो नारळ कोणाकडे राहावा, यावरून बिनसलं होतं. नाना थोरले, म्हणून त्यांनी नारळ आपल्या घरी आणला. आई शेवटपर्यंत हिलालकडे होती; त्याने रागाने नवा नारळ बसवला. तेव्हापासून समोरासमोर दोन दारं आणि दोन कानबाया. आता दिवाळीनंतर नाना जळगावला पुनमजवळ राहायला जाणार होते. शिंदखेड्यातली त्यांची ही शेवटची कानबाई. यंदा बोलणं झालं नाही, तर पुढे दार उघडल्यावर भावाचं तोंड दिसायचीही सोय राहणार नव्हती.

पुनम जळगावला एमएस्सीला होती, सणासाठी घरी आली होती. प्रकल्पासाठी तिने नवल चक्कीवाल्याच्या डिजिटल काट्यात साठलेल्या पाच वर्षांच्या नोंदी घेतल्या होत्या. नाव, तारीख, धान्य, वजन, एवढंच. न्यूरल नेटवर्कला कोण कोणाचं कोण लागतं हे सांगावं लागत नाही. ते आकडे बघतं आणि सारख्याला सारखं जोडतं. दोनशे बारा घरांपैकी दोनशे दहा त्याने नीट गटांत बसवली. ही दोन कुठेच बसेनात. वर्षभर त्यांचं दळण चारचौघांसारखंच होतं. वेगळं पडत होतं ते श्रावणातल्या एकाच दिवशी, कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू दळताना; तेव्हा वजन घराच्या मानाने जास्त भरायचं.

हेमलता मॅडम तिच्या मार्गदर्शक. त्यांनी फोनवर सांगितलं की काट्याची चूक असेल, त्या दोन ओळी काढून टाक आणि सोमवारी प्रकल्प दे. नवलला हे कळलं तेव्हा तो चक्की धुवत होता. रोटाचं दळण पूर्वी घरच्या जात्यावर व्हायचं, बायका त्या दिवशी उपाशीपोटी दळायच्या. चक्की आली तरी सोवळं राहिलं. हातातलं फडकं न ठेवता तो म्हणाला, "मना काटा खरा शे. तुना संगणकले इचार, तो कोठे शिकना?"

पुनम घरी येऊन वहीत मांडत बसली. रोटाला घरातल्या पुरुषांची नावं घेऊन गहू मोजतात. त्यांच्या कुळात माणशी सव्वा किलो. त्यांच्या घरात नाना आणि तिचा भाऊ कुंदन, म्हणजे अडीच किलो. काकांकडे ते आणि तीन मुलगे, म्हणजे पाच. काट्यात मात्र पाचही वर्षं दोन्ही घरांचे साडेसात. रोट कुळाबाहेर कोणाला देत नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवावेच लागतात. तिची आई, मंदाबाई, दरवर्षी सुके रोट दुधात भिजवताना का कुरकुरते, ते तिला आता कळलं.

नाना ओसरीवर सुपारी कातरत होते. पुनमने विचारलं, "नाना, आपल्याकडे पुरुष दोन. मग गहू सहा जणांचे का?"

अडकित्ता थांबला. "माय मोजे तशाच मी मोजस," नाना म्हणाले. "भाऊनं नाव कसं गाळू?"

"काकाही साडेसातच मोजतात," पुनम म्हणाली. "पाचही वर्षं."

नानांनी वही मागून घेतली. चष्मा लावून दोन्ही ओळी बोटाने दोनदा वाचल्या आणि वही परत दिली. शनिवारी सकाळी ते रिकामा डबा घेऊन समोरच्या दारात जाऊन उभे राहिले.

"औंदा एकच डबा दळूत," ते म्हणाले.

हिलालने डबा त्यांच्या हातातून घेतला. मग बाजूला सरून त्याने वाट दिली. "बरं व्हयनं. नऊ वरीस इतला रोट खाई खाई मना दात पडी ग्यात."

हेमलता मॅडमनी त्या दोन ओळी प्रकल्पात राहू दिल्या आणि त्यांवर एक पान जास्त लिहून घेतलं. पुनमला जळगावातच नोकरी लागली. नाना ठरल्याप्रमाणे घरच्यांसह तिच्याकडे गेले. शिंदखेड्याच्या घराची किल्ली हिलालकडे असते आणि आईचा नारळही. मंदाबाई आता रोट पुरले नाहीत म्हणून कुरकुरतात. नवल येईल त्या गिऱ्हाइकाला आपल्या काट्याची कीर्ती ऐकवतो.

२०२५ च्या कानबाईला नाना दोन दिवस आधीच शिंदखेड्याला गेले. कामामुळे मागे राहिलेल्या पुनमने सवयीने नवलकडून नोंद मागवली. दोन्ही घरांचा मिळून एकच डबा होता. वजन पावणेनऊ किलो, म्हणजे एका माणसाचे गहू जास्त. तिने काकांना फोन करून विचारलं, घरात नवीन पुरुष कोण आला. काका म्हणाले, कोणी नाही. सहा नावं झाल्यावर नानांनी सव्वा किलो आणखी मोजले आणि पुनमचं नाव घेतलं.