ओकाखालचा सूर

नाणी हवीत तर माणसं जिथे बसायची तिथे शोधावं, असं माझी या छंदातली सोबतीण बेरिल म्हणते. म्हणून धातू शोधायची यंत्रं घेऊन आम्ही थर्लोच्या शेतातल्या एकट्या ओकाखाली गेलो. कापणीचे मजूर तिथे सावलीला पाव-चीज खायचे. खिशातून काहीतरी सांडतंच.

थर्लोची अट एकच होती, खड्डा उघडा ठेवायचा नाही. "आणि ओकाखाली यंत्र वाजेल," तो म्हणाला. "सगळ्यांचंच वाजतं. सापडत कुणालाच नाही."

वाजलं. खाली चांदी असली की यंत्र देतं तो स्वच्छ सूर; काट्यावर खोली वीतभर.

मी वीतभर खणलं आणि यंत्र खड्ड्यात धरलं. अजून वीतभर खाली.

"ऑल्विन, नाणं शोधतोयस की विहीर खणतोयस?" कुंपणापाशी चहा ओतत बेरिलने विचारलं.

गुडघ्यापर्यंत.

कंबरेपर्यंत.

अजून वीतभर.

मान वर केली तेव्हा आभाळ नव्हतं. डोक्यावर ओकाची मुळं घट्ट विणलेली होती आणि मधे जुनी, दाबून बसलेली माती.

"बेरिल, हात दे."

वर पावलं वाजली. "कुठे गेला हा?" ती म्हणाली. "खड्डा मात्र छान बुजवलाय. गवतसुद्धा हललेलं नाही."

मी फावड्याने मुळांवर ठोकत राहिलो.

वर तिचं यंत्र वाजलं. तोच स्वच्छ सूर.

"बेरिल, मी इथे आहे."

"वीतभर खाली," ती पुटपुटली. मग यंत्र बंद झालं.

"जाऊ दे. इथे सगळ्यांचंच वाजतं."