एक जूनचा वाढदिवस

"वर्षात एम.एस्सी. होतंय. सोय केलीय, तर ती नाकारायची कशाला?" धोंडीराम गुरुजींनी बशीतला चहा संपवला आणि बजरंगकडं पाहिलं. गुरुजी निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण धारूरजवळच्या त्या वस्तीवर कुणाच्या पोरानं पुढं काय शिकायचं हे अजून त्यांनाच विचारलं जायचं.

बजरंगची लेक तेजश्री मोबाईल घेऊन उंबऱ्यात बसली होती. तिची चार वर्षांची पदवी झाली होती, म्हणून विद्यापीठानं तिच्यापुढं दोन वाटा ठेवल्या होत्या. नेहमीचं दोन वर्षांचं एम.एस्सी., नाहीतर थेट दुसऱ्या वर्षाला बसून एका वर्षात मोकळं. कोणतं ते आज संध्याकाळच्या आत कळवायचं होतं.

तिची मैत्रीण संस्कृती गेल्या साली एका वर्षात मोकळी झाली होती. जेवायला सवड नाही म्हणून रोज फोनवर रडायची, पण तिची नोकरी ठरलेली होती. तिला ते मानवलं. आपल्याला मानवेल का, हेच तेजश्रीला कळत नव्हतं. वनस्पतिशास्त्राच्या दोन वर्षांच्या एम.एस्सी.त पहिल्या वर्षी पोरं बालाघाटच्या डोंगरात हिंडून झाडं ओळखायला शिकत. पदवीच्या चौथ्या वर्षात ते झालंच आहे असं धरून एका वर्षाच्या अभ्यासक्रमातून ते गाळलं होतं. तेजश्रीच्या कॉलेजात ते झालं होतं खरं, पण फळ्यावर. आता झाडं बघायला आणखी एक वर्ष द्या, असं बापाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"पाव्हणे वरीसभर थांबतो म्हणलेत," बजरंग म्हणाला. "पुढल्या उन्हाळ्यात हिचं शिक्षण बी हुतंय आन लगीन बी. दोन वरीस म्हणजे लई लांबतंय. बावीसची झाली की गुरुजी."

"झालीच. एक जूनला बावीस पूर्ण." गुरुजींना सगळ्या विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा पाठ होत्या, आणि त्यात विशेष असं काही नव्हतं.

आत मेथी निवडत बसलेली तेजश्रीची आई सुरेखा एकदम हसली.

"कावून हसतीस?" बजरंगनं विचारलं.

"जूनमदी फड असतो का?" सुरेखा म्हणाली. "पोर ऊसतोडीला गेलतो तवा झाली, संक्रांतीला. शेजारच्या पाचटाच्या कोपीतल्या छबुबाईनं नाळ कापली. एक जूनला कुठला आलाय ऊस?"

गुरुजी जरा चपापले. त्यांच्या शाळेतली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मली होती, आणि त्याचं कुणाला कधी नवल वाटलं नव्हतं.

"तारखेचं सोडा हो सुरेखाबाई. वर्ष तर बरोबर..."

"वरीस बी तुमीच दिलं गुरुजी. शाळेच्या पटाला एक पोर कमी पडत हुतं. पट घसरला तर दुसरे मास्तर जातील म्हणून तुमी दारात आलते. साडेचारची हुती ही. तुमी म्हणले, सहाची लिवतो, बसून खिचडी तरी खाईल. आमाला बी फडावर जायाचं हुतं. आमी हो म्हणलो."

बजरंगनं बोटांवर मोजलं. पटलं नाही म्हणून पुन्हा मोजलं. एवढी वर्षं कागदावरची तेजश्री मोठी होत गेली आणि घरानंही तीच खरी धरली. कुणी वय विचारलं की सुरेखासुद्धा कागदावरचंच सांगायची.

"म्हंजी ही विसाची हाय?"

"एकविसावं लागलंय."

गुरुजींनी रिकामी बशी बाजूला सरकवली. "वर्गात झोपायची ही," ते म्हणाले. "मी आळशी म्हणायचो हिला."

तेजश्रीला वाटलं, आता रडू येणार. आलं ते हसू. पहिलीपासून ती सगळ्यांच्या मागं धापा टाकत पळाली होती. बाकीच्यांना चटकन कळतं ते आपल्याला का कळत नाही, म्हणून मन मारून पाठांतर करत आली होती. आपण ढ आहोत हे तिनं कधीच मान्य करून टाकलं होतं. आणि ढ वगैरे काही नव्हतंच. तिला एवढं हलकं वाटलं की क्षणभर मोबाईलचाही विसर पडला.

"आबा, मला दोन वर्साचंच करायचंय," ती म्हणाली. "पळून पळून दमले मी. ह्या खेपेला चालत जायचंय."

बजरंगनं गुरुजींकडं पाहिलं. एका वर्षाची बाजू मांडायला आलेल्या गुरुजींनी घसा साफ केला. "दोनच कर पोरी," ते म्हणाले. "तुला कसली घाई आहे?"

तेजश्रीनं दोन वर्षांवर बोट ठेवलं आणि कळवून टाकलं.

खरं तर सुटल्यासारखं बजरंगलाही झालं होतं. पुढल्या उन्हाळ्यात लेक सासरी जावी हे त्याला नकोच होतं, पण ते बोलून दाखवायची त्याची रीत नव्हती. त्यानं अंगणात जाऊन स्थळ आणणाऱ्या मेव्हण्याला फोन लावला.

"त्रिंबकराव, पाव्हण्यास्नी सांगा, आमाला सध्या कर्तव्य न्हाई."

पलीकडचा आवाज आतपर्यंत ऐकू आला. "आसं कसं दाजी? बावीसची हाय म्हणले हुते की तुमी!"

"ती शाळेत," बजरंग म्हणाला. "घरी अजून ल्हान हाय."