उलटे आटे

"मोटरचा पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरणार. सुलट्या आट्यांवरचा नट सुटत जाईल, पोरी. उलटे पाडू का?" लेथवरची नजर न काढता वडिलांनी विचारलं.

"बाबा, इंजिनिअर मी आहे. शाफ्टचं ड्रॉइंग दिलंय, तसंच करा."

"बरं, मॅडम," ते हसले आणि त्यांनी तसंच केलं. दुसऱ्या पहाटे झोपेतच ते गेले.

चौथ्या दिवशी तिच्या कंपनीतून फोन आला. चाचणीत नट सुटून पंखा फुटला होता. "बाबांकडून आटे ढिले पडले असतील," ती बोलून गेली.

तेराव्याला कंपनीचे शेवाळेसाहेब भेटायला आले. आईला म्हणाले, "वहिनी, वीस वर्षं त्यांनी आमची कामं केली. शेवटी एकदा हात चुकला, त्याचं आम्ही मनात काही ठेवलेलं नाही."

आईने हात जोडले आणि नवऱ्याच्या वतीने ती माफी मागू लागली. लेकीला ते ऐकवेना.

"बाबांचा हात चुकला नव्हता," ती म्हणाली. "त्यांनी उलटेच आटे सांगितले होते. चूक माझ्या ड्रॉइंगमध्ये होती. फोन आला तेव्हाही मला माहीत होतं."