नजर डावीकडे

"काढ तो चष्मा!" मॉरीन वैतागली. ती बॅलारॅटच्या आमच्या महिला फुटबॉल संघाची प्रशिक्षक; हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, यात चेंडू हातांनी झेलतात. सामन्याचं चित्रण चौफेर दाखवणारा जाड चष्मा मी डोळ्यांवरून उतरवला. मी कुठे पाहत होते, ते तिच्या पडद्यावर लाल ठिपक्याने उमटलं होतं.

"सहावी वेळ, कॉरा! चेंडू उजवीकडून येतोय आणि बाईसाहेब डावीकडे, सीमारेषेवर! माझी आजीसुद्धा झेलेल असा चेंडू. शनिवारी तुला खेळवू कशी?"

"पुन्हा लाव. आता उजवीकडेच बघते."

"हे मघाशीही म्हणालीस. थांब, ती डावी बाजू कापूनच टाकते."

"नको!" मी ओरडलेच.

"का? असं आहे तरी काय तिकडे?" तिने चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर चढवला, डावीकडे मान वळवली.

चित्रण मागच्या हंगामात माझ्या जागेवरून घेतलेलं आहे, बाबा जायच्या आधीचं. सीमारेषेशी घडीचं टेबल मांडून ते मध्यंतरासाठी संत्री चिरतायत. चेंडू आला की सुरी थांबवून माझ्याकडे बघतात.