तासिंगच्या हातची चटणी

"कुणाचा विश्वास बसायचा नाही," कढईतले फिशबॉल हलवत म्हातारा सेवेरो म्हणाला, "पण ही चटणी माझ्या बायकोने, तासिंगने, देवाघरी जायच्या आदल्या दिवशी केलेली. दोन वर्षं झाली. रोज बरणी तळाला लागते आणि सकाळी बघावं तर काठोकाठ!"

मालाबोन शहरातल्या चर्चसमोर, त्याच्या गाडीभोवती उभी असलेली गिऱ्हाइकं हसली. हसू देत. तासिंगच्या हातची चव म्हणूनच ती पलीकडच्या नव्या गाडीवर जात नव्हती, हे सेवेरोला पक्कं ठाऊक होतं.

"आणि आंबतसुद्धा नाही?" म्हाताऱ्या नेनिता मास्तरणीने विचारलं.

"आंबते कसली! परवा पाद्रीबाबा चाखून गेले. म्हणाले, चमत्कारच आहे, फक्त मिरची जरा जास्त झालीय."

एवढ्यात एका रिक्षावाल्याने अर्धा खाल्लेला फिशबॉल काडीसकट पुन्हा बरणीत बुडवला. खरकटी काडी, सगळ्यांच्या बरणीत! एकच ओरडा झाला. सेवेरोने त्या माणसाच्या सात पिढ्या काढल्या, बरणी उचलून भडाभडा गटारात ओतली, आणि गाडीखालून दुसरी भरलेली बरणी काढून ठेवली.

मग त्याचा हात तिथेच थांबला. सगळे त्या दुसऱ्या बरणीकडे बघू लागले.

नेनिताने नव्या बरणीत फिशबॉल बुडवला आणि सावकाश खाल्ला.

"खोटारड्या! तासिंगच्या हातची शेवटची चटणी तू अशी गटारात ओतली असतीस? दोन वर्षं तुझ्याच हातची खातोय की आम्ही. दे, नवी काडी दे."