गाणं काय बोटीनं येतं?

"नोरीन टलीचा विजय असो!" डेस ओरडला आणि हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या बोल्स क्लबातली सगळी म्हातारी मंडळी टाळ्या पिटू लागली.

बातमी खरी होती. गाणी आणि मालिका विकणाऱ्या त्या बड्या कंपनीने अखेर हात टेकले होते. आता ऑस्ट्रेलियातही सगळं अमेरिकेच्याच भावात मिळणार होतं. यासाठी नोरीनने काही कमी खस्ता खाल्ल्या नव्हत्या. पोर्ट पिरीच्या बेकरीबाहेर भर उन्हात उभं राहून तिने सह्या गोळा केल्या, खासदाराला भंडावून सोडलं. "तेच गाणं, इंटरनेटची तीच तार, मग आम्हालाच दीडपट दाम का? गाणं काय बोटीनं येतं?" हा तिचा सवाल गावात पोराटोरांच्या तोंडी होता. फसवाफसवी तिला खपायचीच नाही. दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तर ती परत जायची, आणि जास्त दिले तरी परत जायची.

"तुझा ग्रँट सुटला बघ एकदाचा!" डेस म्हणाला. "यापुढे अमेरिकेतून कार्ड मागवणारा येडाच म्हणायचा. अमेरिकन डॉलर कुठे चढलाय बघितलास? उलट महागच पडेल."

नोरीन हसली. हातातला सॉसेज रोल तिने बशीत तसाच ठेवला.

ग्रँट तिचा एकुलता एक मुलगा. डेन्व्हरला असतो. पूर्वी त्याचा फोन नाताळला यायचा, आणि आठवण राहिली तर वाढदिवसाला. मग भाव चुकवायची ही युक्ती निघाली. त्याच्या पत्त्यावर कंपनीत नोरीनचं खातं उघडायचं, त्याने तिकडच्या दुकानातून कंपनीचं आगाऊ पैसे भरलेलं कार्ड घ्यायचं आणि कार्डावरचा लांबलचक नंबर आईला फोनवर वाचून दाखवायचा. ईमेल नको, ईमेल चोर वाचतात, असं तिनेच त्याला बजावलं होतं. तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी फोन ठरलेला. नंबर सांगता सांगता मध्येच तो म्हणायचा, बर्फ पडतंय, किंवा धाकटीचा दात पडला. एक आकडा चुकला की सगळं पहिल्यापासून. नोरीनचा हमखास चुकायचा. बाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं.

गाणी तर इतकी साठली होती की ऐकायला दुसरा जन्म लागला असता. हल्ली ती लावायचीही नाही. सगळ्या घरात एकटीने गाणं ऐकलं की तिला जास्तच एकटं वाटायचं.

रविवारी सकाळी फोन वाजला. नोरीन त्याच्याशेजारीच बसली होती.

"आई, कार्ड आणलंय. पण काय गं, तिकडचे भाव उतरले म्हणे? वाचलं मी कुठंतरी. मग आता हे बंदच करूया ना?"

त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं. यादीतलं एक काम कमी झालं की माणसाला बरं वाटतं, तेवढंच. फ्रिजवर वर्तमानपत्रातलं कात्रण चिकटवलेलं होतं. त्यात सह्यांचा गठ्ठा उंच धरून नोरीन उभी होती, विजयी. ती त्या फोटोकडे बघत राहिली.

"आई? आहेस ना?"

"कसले उतरतायत!" नोरीन म्हणाली आणि तिने फोटोकडे पाठ केली. "पेपरवाल्यांना काय, काहीही छापतात. उलट वाढलेत मेले. आणि हे बघ, यापुढे एकदम मोठं कार्ड नको आणूस, पैसे अडकून पडतात. छोटी छोटी आण. दर रविवारी एक सांगत जा."